विश्लेषण : लोखंडातले कण बारीक झाले की ताकद का वाढते?

घराचे बांधकाम काढले की सळईच्या दुकानात ‘एफई ५००’, ‘एफई ५५०’ हे शब्द कानावर पडतात. यातील ‘एफई’ म्हणजे लोखंड आणि पुढचा आकडा म्हणजे त्याची यील्ड स्ट्रेंग्थ. हा आकडा केवळ लोखंडात काय मिसळले यावर ठरत नाही. लोखंडाच्या आत डोळ्यांना न दिसणारे जे कण असतात, त्यांच्या आकारावरही तो बराच अवलंबून असतो. हे गणित काय आहे आणि ते महत्त्वाचे का, याचा आढावा.

यील्ड स्ट्रेंग्थ म्हणजे काय?

लोखंडी पट्टी थोडी वाकवून सोडली तर ती पुन्हा सरळ होते. जास्त जोर लावला तर मात्र वाकडीच राहते. ज्या ताणापासून हा कायमचा बदल सुरू होतो, तो ताण म्हणजे यील्ड स्ट्रेंग्थ. ‘एफई ५००’ सळई दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलो वजनाइतका ताण, कायमची न ताणता सोसते. इमारत, पूल किंवा क्रेन यांचे डिझाइन करताना इंजिनीअर तुटण्याचा नव्हे, तर प्रामुख्याने हाच आकडा धरतात.

लोखंडात ‘कण’ कुठून आले?

लोखंड वरून एकसंध दिसते. पण त्याचा तुकडा घासून-चकचकीत करून, त्यावर सौम्य आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर फरशीच्या तुकड्यांसारखी नक्षी दिसते. यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्फटिककण. इंग्रजीत त्याला ग्रेन म्हणतात. एका कणात अणू एकाच दिशेने रांगेत रचलेले असतात. शेजारच्या कणात रचना तीच, पण रांगांची दिशा वेगळी. दोन कण जिथे भिडतात ती कणसीमा. वितळलेले लोखंड थंड होताना अनेक ठिकाणी एकाच वेळी स्फटिक वाढू लागतात आणि एकमेकांना भिडून थांबतात. पुढे तापवताना, लाटताना आणि थंड करताना हे कण पुन्हा नव्याने तयार होतात. नेहमीच्या बांधकामाच्या पोलादात ते साधारण १० ते २० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतात.

कण लहान झाल्याने ताकद का वाढते?

जड सतरंजी सरकवायची तर ती अख्खी ओढण्यापेक्षा एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलणे सोपे जाते. धातू वाकतो तेव्हाही अणूंची अख्खी रांग एकदम सरकत नाही. रचनेतली अशीच एक ‘सुरकुती’ पुढे सरकत जाते. तिला डिसलोकेशन म्हणतात. ही कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे मांडली.

ही सुरकुती कणसीमेपाशी अडते, कारण पलीकडे रांगांची दिशा बदललेली असते. मग टोलनाक्यावर गाड्या तुंबाव्यात तशा मागून येणाऱ्या सुरकुत्या तिथे तुंबतात. कण मोठा असेल तर रांग लांब होते आणि पुढच्या कणावर तिचा मोठा रेटा पडतो. तो कणही सरकू लागतो. कण लहान असेल तर रांग आखूड, रेटा कमी. त्यामुळे लोखंड वाकवायला बाहेरून जास्त जोर लावावा लागतो.

यामागचे सूत्र काय?

ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये हे नाते आकड्यांत मांडले. त्यांच्या नावाने ते ‘हॉल-पेच सूत्र’ म्हणून शिकवले जाते. कणांमुळे मिळणारी ताकद कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे कण चौपट लहान केला की ताकदीतला हा वाटा दुप्पट होतो. सौम्य पोलादासाठी पाठ्यपुस्तकांतले स्थिरांक घेतले, तर १०० मायक्रॉनच्या कणांना यील्ड स्ट्रेंग्थ सुमारे १४५, २५ मायक्रॉनला सुमारे २२० आणि ४ मायक्रॉनला सुमारे ४४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येते. धातू तोच, फरक फक्त कणांचा.

जहाजे दुभंगण्याशी याचा काय संबंध?

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच जवळजवळ दोन तुकड्यांत फाटले. ना वादळ होते, ना हल्ला. युद्धकाळात घाईने बांधलेल्या अनेक ‘लिबर्टी’ जहाजांनाही अशाच भेगा गेल्या. संशय आधी वेल्डिंगवर गेला. केंब्रिजच्या धातुतज्ज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र दाखवून दिले, की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होते. वेल्डिंगने जोडलेल्या सलग पत्र्यांमुळे भेगेला मोकळी वाट मिळाली, एवढेच.

इथेच बारीक कणांचे मोल कळते. कार्बन वाढवला की पोलादाची ताकद वाढते, पण ते ठिसूळही होते. बारीक कणांनी मात्र ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढतात, कारण भेगेलाही प्रत्येक कणसीमेवर दिशा बदलावी लागते. शिवाय पोलाद ज्या तापमानाला ठिसूळ होते, ते तापमानही आणखी खाली जाते.

कारखान्यात कण बारीक कसे करतात?

पोलाद लाटताना तापमान नेमके सांभाळायचे आणि नंतर ते वेगाने थंड करायचे, ही मुख्य युक्ती. टनामागे काहीशे ग्रॅम निओबियम घातले तरी त्याचे सूक्ष्म कार्बाइड कणसीमांना धरून ठेवतात आणि कण वाढू देत नाहीत. तेल-वायूच्या पाइपलाइन आणि मोटारींचे सांगाडे यांत असे पोलाद वापरतात. टीएमटी सळईत पाण्याच्या माऱ्याने बाहेर तयार होणारे कठीण कडेही ताकद देते. तिथे श्रेय एकट्या कणांचे नाही.

मग कण कितीही लहान करावेत का?

नाही. कण सुमारे १० ते २० नॅनोमीटरपेक्षा लहान झाले, की कणसीमाच घसरू लागतात आणि ताकद उलट घटू शकते. फार तापणाऱ्या भागांतही बारीक कण नकोसे ठरतात. म्हणूनच अनेक जेट इंजिनांतली निकेल मिश्रधातूची पाती अख्खी एकाच स्फटिकाची ओततात.

बांधकाम करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

सळई लवकर वाकावी म्हणून साइटवर ती लाल होईपर्यंत तापवू देऊ नये. तापल्याने बाहेरचे कठीण कडे मऊ पडते, फार तापल्यास आतले कणही वाढतात. सळईवरचा ‘५००’चा शिक्का तसाच राहतो, पण तेवढी ताकद सळईत उरलेली नसते.