पालवणकर बाळू : क्रिकेटचे मैदान आणि जातीची सीमारेषा

प्रस्तावना :
१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून खेळला आणि अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धांतील वर्णभेदाला तडा गेला. त्याच्या सुमारे अर्धशतक आधी महाराष्ट्रातील एका दलित गोलंदाजाने जातिभेदावर असाच आघात केला होता. मैदानावर प्रवेश मिळणे आणि समान दर्जा मिळणे यांतील अंतर पालवणकर बाळू यांच्या कारकिर्दीच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण :
बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी सेवेत असल्याने बालपण पुण्यात गेले. युरोपियनांच्या पूना जिमखान्यात दरमहा चार रुपये वेतनावर ते खेळपट्टीची निगा राखत व साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. फलंदाजीची संधी मात्र त्यांना मिळत नसे. याच सरावातून त्यांची डावखुरी फिरकी घडली.

मैदानावर सहभाग, पंगतीत बहिष्कार :
युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना संघात घेतले. मात्र चहापानाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणही स्वतंत्र वाढले जाई. ज्या हातातील चेंडू सर्वांना चालत असे, त्याच हाताने स्पर्श केलेला पेला चालत नसे. पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यात सहभोजनाची मुभा मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. परंतु बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी मिळविले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.

कर्णधारपदाचा प्रश्न :
एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आल्यावरच ते परतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

सार्वजनिक जीवन :
१९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत बाळूंचा सहभाग होता. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :
बाळूंना प्रथम चेंडू मिळाला, नंतर पंगत मिळाली. नेतृत्व मात्र धाकट्या भावाच्या वाट्याला आले, तेही बंधूंनी एकजुटीने खेळण्यास नकार दिल्यानंतर. गुणवत्तेने दार उघडते, परंतु समता त्यापाठोपाठ आपोआप येत नाही. ती मागावी लागते. कोपर-डोंबिवली परिसरात मैदानावर खेळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना धावसंख्येबरोबर हा इतिहासही ज्ञात असणे आवश्यक आहे.