दुखापतीनंतर बिथरलेली घोडी कुणाच्या हाती द्यावी?

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली आमची मारवाडी घोडी. पुढच्या पायाची नस दुखावली, आठ महिने तबेल्यात. पाय बरा झाला, पण खोगीर दिसलं की दोन पायांवर उभी!

आधी पशुवैद्यक, मग प्रशिक्षक. दुखणं शिल्लक असताना हट्टी म्हणून चाबूक ओढणं अन्यायच. खोगीरही तपासा. बसून राहिल्यावर पाठीचे स्नायू उतरतात, जुनं खोगीर टोचतं. आमच्याकडे तेच निघालं.

प्रशिक्षकाला काम करताना बघा. पहिल्याच दिवशी स्वार होऊ पाहणाऱ्याला मी नाही म्हटलं. दुसऱ्याने आठवडाभर दोर धरून नुसतं सरळ चालवलं. छोट्या गोलात पळवलं नाही. वळताना दुखऱ्या नसेवर ताण येतो.

मोतद्दारालाही शेजारी उभं करा, दिवसभर घोडी त्याच्याच हाती असते.