तीन प्रती आणि अरुंद समास

एकच मजकूर दोन किंवा तीन यंत्रांवर एकाच वेळीं जतन करण्याची पद्धति आतां सर्वत्र रूढ झाली आहे. एक यंत्र बिघडलें तरी दुसऱ्यावरील प्रत शाबूत राहते. अशा सांठवणीचा वेग मंदावला म्हणजे दोष बहुधा यंत्रांना जोडणाऱ्या तारांच्या माथीं मारला जातो. पुष्कळदां तो अन्याय असतो.

ग्लस्टर या लिनक्सवरील प्रणालीचें उदाहरण घ्यावें. कोणत्याही फाईलींत लिहिण्यापूर्वीं ती प्रत्येक प्रतीपाशीं ‘काम अपुरें आहे’ अशी खूण करते. मग मजकूर लिहिते, आणि तो सर्वत्र पोंचल्यावर खूण पुसते. मध्येंच वीज गेली, तर कोणती प्रत मागें राहिली हें या खुणेवरूनच कळतें.

आतां ही खूण राहते कोठें? ग्लस्टरखालीं बहुधा एक्सएफएस ही फाईलव्यवस्था असते, व तींत प्रत्येक फाईलमागें इनोड नांवाची एक नोंद असते. खातेवहीचें एक पानच म्हणा ना. पूर्वीं हें पान २५६ बाइटांचें असे. त्यांतले १०० मालकी, तारखा इत्यादि बाबींतच खर्चीं पडत. उरलेल्या समासांत मजकूर डिस्कवर कोठें आहे त्याचा पत्ता आणि या खुणा, दोन्ही दाटीवाटीनें बसवावयाच्या. समास भरला कीं खुणा निराळ्या चिठोऱ्यावर जात, आणि तें चिठोरें गांठण्यास फिरत्या डिस्कच्या हेडला आणखी एक खेप घालावी लागे. खेप कांहीं मिलिसेकंदांचीच. एखाद्या चित्रपटाच्या अवाढव्य फाईलीला ती जाणवतही नाहीं. परंतु लाखों चिमुकल्या फाईली असल्या, म्हणजे खेपांचाच डोंगर होतो. शिवाय प्रत्येक प्रतीवर तीच कथा, आणि सर्वांत मंद प्रतीसाठीं लिहिणारा खोळंबतो.

म्हणून डिस्क प्रथम सज्ज करतांनाच इनोड ५१२ बाइटांचा मागावा. मागाहून तो बदलतां येत नाहीं. एक्सएफएसच्या नव्या स्वरूपांत ५१२ हें किमान मापच आहे, व २०१५ पासून तें स्वरूप न मागतां मिळतें. जुन्या डिस्का मात्र तपासाव्या.

फाईल नुसती वाचली तरी वेळेची नोंद करण्याची संवय ‘नोएटाइम’नें बंद करावी. २००९ पासून लिनक्सनें ती बरीचशी आवरलीच आहे.

‘नोबॅरियर’ची गोष्ट निराळी. डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतींतील मजकूर खरोखर उतरला कीं नाहीं, हें पाहण्याचें त्यानें टळे व वेग वाढे. पण त्याच क्षणीं वीज गेली, तर ती खूणच खोटी ठरण्याचा संभव. मग शिळी प्रत ताजी समजून चांगल्या प्रतीवर उतरविली जावयाची. २०१८ मध्यें लिनक्सच्या ४.१९ आवृत्तींत एक्सएफएसमधून हा पर्यायच काढून टाकण्यांत आला.