कर्नेलमधील कुलपांचे सुलभीकरण

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर असले म्हणजे कर्नेलमधील एकाच माहितीत दोघांनी एकाच वेळी फेरफार करण्याचा संभव उत्पन्न होतो व ती माहिती विसंगत होते. हे टाळण्यासाठी प्रथम कुलूप घ्यावयाचे, मग फेरफार करावयाचा व शेवटी कुलूप सोडावयाचे, असा नियम असतो. नियम साधा आहे. परंतु कुलपे वाढली की त्यांचे परस्परसंबंध दुर्बोध होतात. तर मग सुलभीकरण म्हणजे कुलपांची संख्या घटविणे काय? लिनक्स कर्नेलचा इतिहास पाहता या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते.

१९९६ मध्ये लिनक्सच्या २.० या आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हा सबंध कर्नेलला एकच मोठे कुलूप घालण्यात आले. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नेलमध्ये शिरू शके. संख्येच्या दृष्टीने याहून सोपी व्यवस्था संभवत नाही. तथापि तिच्यात दोन दोष होते. इतर प्रोसेसरांना ताटकळत राहावे लागे, हा पहिला. दुसरा अधिक गंभीर होता. हे कुलूप विशिष्ट माहितीचे नव्हे, तर आज्ञावलीच्या विस्तृत भागांचे रक्षण करीत असे. ते धारण करणाऱ्या कार्यास ते पुन्हा घेता येई. कार्य निद्रिस्त होताच ते आपोआप सुटे व जागृतीनंतर परत घेतले जाई. मधल्या काळात दुसऱ्या कार्याने माहिती बदललेली असू शके, आणि आज्ञावली वाचून ही गोष्ट सहज ध्यानात येत नसे. परिणामी अमुक स्थळी कुलूप नेमके कशासाठी आहे, हे सांगणे दुष्कर झाले.

म्हणूनच ते काढण्याची रीत विचारणीय आहे. उपकरणांना विशेष आज्ञा देणाऱ्या ‘आयऑक्टल’ या मार्गात ड्रायव्हरला पाचारण करण्यापूर्वीच मोठे कुलूप घेतले जाई. २००५ मध्ये, २.६.११ या आवृत्तीत, कुलूपरहित पर्यायी मार्ग देण्यात आला. ज्या ड्रायव्हरांची कुलपावाचून चालण्याची खात्री नव्हती, त्यांच्यात ते आतल्या बाजूस उघडपणे लिहिले गेले. वरवर पाहता ओळी वाढल्या. परंतु गृहीत धरलेली गोष्ट प्रकट झाली. मग एकेक स्थळ तपासून तेथे स्वतंत्र कुलूप योजणे, अथवा अनावश्यक ठरल्यास ते वगळणे शक्य झाले. आर्न्ड बर्गमन यांच्या प्रयत्नाने २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत, त्याचे अखेरचे अवशेष दूर झाले. एक कुलूप काढण्यास सुमारे १५ वर्षे लागली.

लहान कुलपांबरोबर वेगळे संकट येते. एक कार्य ‘अ’ धरून ‘ब’ची व दुसरे ‘ब’ धरून ‘अ’ची वाट पाहू लागले, तर दोन्ही कायमची अडतात. त्यावर क्रम ठरविणे हा उपाय आहे. २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत आलेले ‘लॉकडेप’ हे साधन कुलपे घेण्याचा क्रम नोंदविते व विपरीत क्रम आढळताच, प्रत्यक्ष अडवणूक घडली नसली तरी, इशारा देते. २०२३ मधील ६.५ या आवृत्तीपासून कुलूप आज्ञावलीच्या एका खंडाशी बांधता येते. खंडातून कोणत्याही वाटेने बाहेर पडले तरी ते आपोआप सुटते. मोठ्या कुलपाचे आपोआप सुटणे वाचकापासून लपलेले होते. या खंडाची सीमा मात्र त्याच्या डोळ्यांसमोर असते.

यावरून असे दिसते की, कुलूपव्यवस्थेची सुलभता संख्येवर अवलंबून नसते. प्रत्येक कुलूप कोणत्या माहितीचे रक्षण करते, ते कोणत्या क्रमाने घ्यावयाचे व केव्हा सुटते, या तीन गोष्टी आज्ञावलीतूनच स्पष्ट झाल्या, तर अनेक कुलपांची व्यवस्थाही सुबोध राहते. त्या अव्यक्त राहिल्या, तर एकच कुलूपही दुर्बोध ठरते.