नामानंतर येणारे 'आयएनजी'चे शेपूट

सटाणा : कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातील द्राक्ष, डाळिंब आणि कांदा उत्पादकाची इंग्रजीशी गाठ आता केवळ मुलांच्या दप्तरापुरती राहिलेली नाही. प्रयोगशाळेचा अहवाल, निर्यातीची कागदपत्रे, परदेशी खरेदीदाराचा करार हे सारे इंग्रजीतून येते. शब्द बहुधा ओळखीचे असतात. अडते ते वाक्य, आणि पुष्कळदा ते एका ठरावीक जागी अडते.

नमुन्यादाखल निर्यातीच्या करारात शोभेल असे एक वाक्य घेऊ : 'ग्रोअर्स सप्लायिंग फ्रूट कंटेनिंग रेसिड्यूज अबव्ह द लिमिट विल नॉट बी पेड.' शब्द क्रमाने लावत गेल्यास 'बागायतदार पुरवतात फळ, असतात अंश...' असा काहीसा अर्थ हाती येतो आणि वाचणारा मध्येच थांबतो. वास्तविक 'मर्यादेपेक्षा अधिक अंश असलेली फळे पुरवणाऱ्या बागायतदारांना पैसे मिळणार नाहीत' असे ते वाक्य आहे. अंश फळात, फळ बागायतदाराचे आणि तोटाही बागायतदाराचाच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात नाकारले गेले, हे नाशिक जिल्ह्यातील बागायतदारांना सांगावे लागत नाही. असे वाक्य अर्धवट समजण्याची किंमत किती असू शकते, याचा अंदाज त्यावरून यावा.

वरील इंग्रजी वाक्य आणि त्याचा मराठी अर्थ शेजारी ठेवून पाहावेत. मराठी वाक्य 'मर्यादेपेक्षा' पासून सुरू होते व 'बागायतदारांना' वर येते. इंग्रजी वाक्य 'ग्रोअर्स' पासून निघून 'लिमिट' पर्यंत जाते. क्रम नेमका उलटा आहे. मराठीत नामाविषयी जे सांगायचे ते नामाच्या आधी सांगण्याची रीत आहे. 'द्राक्षे पिकवणारा शेतकरी', 'झाडाखाली उभा असलेला मुलगा', 'साल्हेरकडे जाणारा रस्ता' यांत 'पिकवणारा', 'असलेला', 'जाणारा' ही धातुसाधित विशेषणे आपला सारा परिवार घेऊन नामाच्या पुढे चालतात. बागलाणात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या अहिराणीचीही हीच चाल आहे. इंग्रजीत मात्र 'द फार्मर ग्रोइंग ग्रेप्स', 'द बॉय स्टँडिंग अंडर द ट्री', 'द रोड लीडिंग टू साल्हेर'. नाम आधी, शेपूट नंतर. त्यामुळे असे वाक्य लावताना विधानाच्या क्रियापदापर्यंत जावे, तेथे थांबावे आणि मग मागून पुढे उलगडत यावे, हा मराठी वाचकासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

मग 'ड्रिंकिंग वॉटर', 'रनिंग वॉटर', 'स्लीपिंग चाइल्ड' यांचे काय? तेथे तर 'आयएनजी' आधी आहे. नियम साधा आहे : शब्द एकटा असेल तर तो नामाच्या आधी बसतो, त्याच्याबरोबर कर्म, स्थळ वा काळ सांगणारे आणखी शब्द आले की सगळा घोळका नामानंतर जातो. 'अ स्लीपिंग चाइल्ड', पण 'अ चाइल्ड स्लीपिंग इन द क्रेडल'. मराठीत पाळण्यात झोपलेले मूल कितीही शब्दांचे झाले तरी आधीच झोपते. जाता जाता हेही सांगायला हवे की, नामाआधीचे प्रत्येक 'आयएनजी' कर्ता दाखवत नाही. 'ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे पिणारे पाणी नव्हे आणि 'वॉकिंग स्टिक' काही चालत नाही. जुन्या इंग्रजीत वर्तमानकालवाचक विशेषणाचा प्रत्यय 'एंडे' असा वेगळा होता व 'इंग' हा क्रियेचे नाव सांगणारा होता. मध्ययुगीन इंग्रजीत दोन्हींचे रूप एक झाले आणि गोंधळ मागे उरला. नामानंतरच्या शेपटात मात्र तो गोंधळ नाही. तेथे ते नाम त्या क्रियेचे कर्तेच असते.

'मी वाचत असलेले पुस्तक'

मराठी माणसाचा खरा घात होतो तो येथे. मराठीची ही विशेषणे फार उदार आहेत. 'पुस्तक वाचणारा मुलगा' जसे चालते तसेच 'मुलगा वाचत असलेले पुस्तक'ही चालते. 'भाड्याने राहणारे कुटुंब' आणि 'आम्ही राहत असलेले घर' दोन्ही निर्दोष आहेत. नाम कर्ता असो, कर्म असो वा स्थळ असो, मराठीला फरक पडत नाही. इंग्रजीतील 'आयएनजी'ला ही मोकळीक नाही. 'द बॉय रीडिंग द बुक' बरोबर, पण 'द बुक रीडिंग बाय द बॉय' हे इंग्रजी नव्हे. तेथे 'द बुक द बॉय इज रीडिंग' असे म्हणावे लागते. 'आम्ही राहत असलेले घर' याचे 'द हाउस लिव्हिंग बाय अस' केले तर घरच राहायला निघते! योग्य रूप 'द हाउस वी लिव्ह इन' हेच. नामावर क्रिया होत असेल तर रूप बदलते : निर्यात होत असलेली द्राक्षे म्हणजे 'ग्रेप्स बीइंग एक्स्पोर्टेड', निर्यात झालेली किंवा केली जाणारी द्राक्षे 'ग्रेप्स एक्स्पोर्टेड'. 'ग्रेप्स एक्स्पोर्टिंग' कधीही नाही.

दुसरा घात काळाचा. मराठीतील '-णारा' कोणत्याही काळात शिरतो. काल दुकान फोडणारा चोर, आज फोडणारा चोर, उद्या फोडणारा चोर, सर्व चालतात. इंग्रजीतील 'आयएनजी' विधानाच्या वेळी चालू असलेली वा नेहमीची गोष्ट सांगते, आणि 'द गेस्ट कमिंग टुमारो' प्रमाणे ठरलेली पुढची गोष्टही सांगते. एकदा घडून संपलेली कृती सांगायला ती सहसा तयार नसते. सटाण्याचेच उदाहरण द्यायचे तर, १८७०-७१ च्या दुष्काळात लोकांसाठी सरकारी खजिना खुला करणारे मामलेदार यशवंत महादेव भोसेकर पुढे देवमामलेदार म्हणून पूज्य झाले. आपण 'खुला करणारे मामलेदार' सहज म्हणतो. परंतु 'द मामलेदार ओपनिंग द ट्रेझरी' म्हटले की ते जणू अजून कुलूपच काढत आहेत असे वाटते. येथे 'द मामलेदार हू ओपन्ड द ट्रेझरी' असेच म्हणावे लागते. 'काल तेथे उभा असलेला माणूस' याला मात्र 'द मॅन स्टँडिंग देअर यस्टरडे' चालते, कारण उभे असणे ही काही काळ टिकलेली स्थिती आहे.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. शाळेत हा विषय बहुधा 'हू इज, विच इज गाळा' अशा सूत्राने शिकवला जातो. 'द मॅन हू इज स्टँडिंग' मधून 'हू इज' काढले की झाले. सूत्र सोयीचे आहे, पण अपुरे आहे. 'कँडिडेट्स हॅविंग अ डिग्री' असे नोकरीच्या जाहिरातीत सर्रास छापलेले असते व ते व्याकरणाला धरून आहे. तरी 'कँडिडेट्स हू आर हॅविंग अ डिग्री' चुकीचे आहे. 'अ बॉक्स कंटेनिंग ग्रेप्स' बरोबर, 'द बॉक्स इज कंटेनिंग ग्रेप्स' चूक. म्हणजे नामानंतरचे 'आयएनजी' हे अपूर्ण वर्तमानकाळाचे अवशेष नव्हे. 'हू हॅव', 'विच कंटेन्स' यांचीही जागा ते घेते. 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' ही आपल्याकडची लाडकी वाक्यरचना रूढ होण्यामागे हे सूत्रही थोडेफार असावे, अशी शंका घेण्यास जागा आहे.

स्वल्पविरामाकडेही पाहिले पाहिजे. 'द ट्रेडर्स फिअरिंग रेन स्टॉप्ड द ऑक्शन' म्हणजे ज्या व्यापाऱ्यांना पावसाची धास्ती होती त्यांनीच कांद्याचा लिलाव थांबवला. 'ट्रेडर्स' व 'रेन' या शब्दांनंतर स्वल्पविराम पडला की पावसाच्या धास्तीने सर्वच व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवला, असा अर्थ होतो. करारनाम्यात अशा दोन ठिपक्यांवर पैसा फिरू शकतो. क्रियापदाचे वचनही सांभाळावे लागते. 'द लेबरर कॅरिंग द क्रेट्स इज वेटिंग' येथे 'क्रेट्स' शेजारी आहेत म्हणून 'आर' लिहिण्याचा मोह होतो. पण वाट पाहणारा मजूर एकटाच आहे.

संदिग्ध कोण?

संदिग्धतेच्या बाबतीत मराठी कधी सरस ठरते, कधी नाही. 'आय सॉ द फार्मर गोइंग टू द मार्केट' यात बाजाराला निघालेला असा तो शेतकरी ओळखायचा, की त्याला जाताना पाहिले एवढेच सांगायचे, हे वाक्यावरून ठरत नाही. 'बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याला मी पाहिले' यात संशयाला वाव नाही. पण 'मी शेतकऱ्याला बाजाराला जाताना पाहिले' म्हटले की बाजाराला कोण चालले होते, मी की शेतकरी, हा प्रश्न आपल्याही दारात येतो.

वृत्तपत्रांच्या कचेरीत या रचनेशी रोजचा सामना असतो. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी 'अ बस कॅरिंग पिल्ग्रिम्स रिटर्निंग फ्रॉम अ फेअर' अशी सुटसुटीत येते. तिचे शब्दशः मराठी केले की 'यात्रेहून परतत असलेल्या भाविकांना घेऊन जात असलेल्या बसला' असा डबे जोडलेला शब्दसमूह तयार होतो आणि वाचकाला बस दिसेपर्यंत दम लागतो. अशा वेळी वाक्य तोडणे बरे : भाविक यात्रेहून परतत होते, त्यांच्या बसला अपघात झाला. उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत अर्ज वा पत्र लिहिताना, आधी नाम लिहून टाकावे, मग ते नाम स्वतः क्रिया करते का हे विचारावे. उत्तर 'हो' आले आणि क्रिया होऊन संपलेली नसली, तर 'आयएनजी' बेलाशक लावावे. अन्यथा 'हू' आणि 'विच' आहेतच.