जुन्या कॉम्प्रेसरची पारख

रेकॉर्डिंगच्या धंद्यात जुन्या यंत्रांना येणारी किंमत ऐकली की बाहेरचा माणूस चक्रावतो. साठ वर्षांपूर्वीचा, व्हॉल्व्हवर चालणारा कॉम्प्रेसर आजही लाखांच्या बोलीत जातो, आणि त्याचाच आराखडा समोर ठेवून, सुटे भाग गोळा करून, हौशी मंडळी तसंच यंत्र घरी कितीतरी स्वस्तात बांधतात. पुढचा वाद ठरलेला: घरच्याला जुन्याची सर नाही म्हणे. या वादात दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं आहे, पण प्रश्नच चुकीचा विचारला जातो. यंत्राचं वय ऐकू येत नाही. ऐकू येतात ते दोन-तीन सुटे भाग, आणि त्यांचं वागणं मोजता येतं. टेलिट्रॉनिक्सचा एलए-२ए हा कॉम्प्रेसर उदाहरणादाखल घेऊ. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे जिम लॉरेन्स या अभियंत्याने १९६०च्या दशकात तो बाजारात आणला. काम एवढंच, की गायकाचा आवाज एकदम चढला तर तो अलगद दाबायचा.

दर्शनी बाजूला मोठे नॉब दोनच. खरी करामत आत, टी४ नावाच्या एका बंद डबीत आहे. तिच्यात वीज मिळाली की उजळणारी पातळ पट्टी असते आणि तिच्यासमोर दोन फोटोसेल, म्हणजे प्रकाश पडला की ज्यांचा रोध घटतो असे कॅडमियमच्या संयुगाचे तुकडे. गाणं जितकं जोरात तितकी पट्टी उजळ. रोध उतरतो आणि ध्वनिसंकेताचा काही हिस्सा परस्पर अर्थिंगकडे वळतो. दाबायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. सोडताना मात्र निम्मं अंतर ६० मिलिसेकंदांत कापलं जातं आणि उरलेलं निम्मं अर्ध्यापासून पाच सेकंदांपर्यंत रेंगाळतं. किती रेंगाळेल हे आधी किती वेळ आणि किती उजेड पडला होता यावर ठरतं. सेलला मागचं आठवतं म्हणा ना. गळ्यावर हे यंत्र इतकं सहज बसतं ते यामुळेच. याखेरीज शिक्का उमटतो तो ध्वनी आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा. गाभ्यातला चुंबकीय प्रवाह व्होल्टेजच्या सम आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झचा खर्ज १००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा वीसपट प्रवाह मागतो. खर्ज जोरात आला की गाभा आधी तिथेच तुडुंब भरतो आणि मूळ स्वरात तिपटीच्या वारंवारतेचा उपस्वर मिसळू लागतो. गाभ्याचा मिश्रधातू बदलला, वेढे बदलले, की हा हिशेब बदलला. त्यामुळे हाताला लागेल तो ट्रान्सफॉर्मर आणि मिळेल तो फोटोसेल बसवून ‘सर्किट तेच आहे’ म्हणणाऱ्या हौशी कारागिराचं चुकतंच. त्यात युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांतल्या कॅडमियमवर निर्बंध घातले, तेव्हा चांगले सेल मिळवणं आणखी जिकिरीचं झालं.

पण मग तुलना करायची ती कुठल्या जुन्याशी? उजळणारी पट्टी वापराने मंदावते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, जुन्या कार्बन रोधकांची मूल्यं सरकतात, व्हॉल्व्ह तर मधल्या काळात कितीदा बदलले गेले असतील. एका कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेली दोन यंत्रं आज दोन निराळ्या तऱ्हेने वागू शकतात. कारखान्यातून निघतानाचा आवाज ‘मूळ’ मानायचा, तर योग्य डबी आणि योग्य ट्रान्सफॉर्मर घालून नीट बांधलेलं घरचं यंत्र त्याच्या जास्त जवळ असू शकतं. लोणच्यासारखा मुरलेला आवाजच आम्हाला हवा, असं कुणी म्हणेल. जरूर हवा असावा. पण ती आवड त्या एका नगाची झाली, मॉडेलची नव्हे.

कानाने पारखायचं तर शिस्त लागते. जरा मोठा वाजणारा आवाज चांगला वाटतो. आवाज वाढवला की खर्ज प्रमाणाबाहेर भरदार भासतो, हे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. म्हणून दोन्ही यंत्रांची पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवायला हवी. नॉबवरचे आकडे सारखे ठेवून हे साधत नाही. मीटरच्या काट्यावरही विसंबता येत नाही, कारण डबीतला एक सेल ध्वनी दाबतो आणि दुसरा फक्त काटा हलवतो. दोघं वेगवेगळे म्हातारे झाले की काटा चक्क खोटं सांगतो. सेलची आठवण लक्षात घेता, दोन्ही यंत्रांना आधी तेच गाणं तितकाच वेळ ऐकवलेलं असावं. मग कुठलं वाजतंय ते न सांगता ओळखायला लावायचं. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी राहते. नऊ-दहा वेळा आलं तर त्यावर कुणी लाख रुपये उधळू नयेत.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा: आयुष्यभर स्टुडिओत बसलेल्यांचे कान चुकतील कसे? कान चुकत नाहीत, पण यंत्र समोर दिसत असताना एकटे कान निवाडा करत नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ निष्णात व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे घालून तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हॅरियसला. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: कान हवेतच कशाला, एका यंत्राचा संकेत उलटा करून दुसऱ्यात मिसळा, शांतता झाली तर दोन्ही सारखी! कॉम्प्रेसरला ही कसोटी फार कडक पडते. पातळीत ०.१ डेसिबलचा फरक राहिला तरी मूळ आवाजाच्या जेमतेम ३९ डेसिबल खाली शिल्लक उरते, आणि ती ऐकू येऊ शकते. एरवी तोच फरक कुणाच्या लक्षातही आला नसता. अर्थात, आंधळ्या चाचणीत फरक सापडला नाही म्हणजे तो नाहीच असंही सिद्ध होत नाही. इतकंच, की तो किमतीतल्या दरीएवढा नक्कीच नाही.

घरचं यंत्र हरतं ते बहुधा भलत्याच ठिकाणी: गुणगुण. विजेचा ट्रान्सफॉर्मर ध्वनीच्या ट्रान्सफॉर्मरला खेटून बसवला, अर्थिंगच्या तारांची वेटोळी राहिली, की ५० आणि १०० हर्ट्झचा घुमारा गाण्याखाली येऊन बसतो. इथे आपल्याकडच्या बांधणाऱ्याला एक फायदाही आहे. अमेरिकेतून आणलेल्या यंत्राचा विजेचा ट्रान्सफॉर्मर फक्त तिथल्या ६० हर्ट्झसाठी बांधलेला असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर, व्होल्टेज उतरवून दिलं तरी, त्याच्या गाभ्यावर वीस टक्के जास्त प्रवाहाचा भार पडतो. तो तापतो आणि घुमतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा साधा ट्रान्सफॉर्मर नीट अंतर राखून बसवला तर ही कटकट उद्भवत नाही. फक्त झाकण उघडताना आतल्या अडीचशेएक व्होल्टचा मान ठेवावा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून असतात.