सिरीयल पोर्टची मांडणी आणि मोडेमचा वेग

सिरीयल पोर्ट हे जुन्या घरगुती व कार्यालयीन संगणकांवरील, माहिती एकामागून एक बिट अशा क्रमाने पाठवणारे जोडस्थान होय. त्याला मोडेम जोडून दूरध्वनीच्या तारेवरून माहितीची देवाणघेवाण केली जात असे. दोन्ही टोकांची मांडणी सारखी नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत.

मांडणीचे घटक

मांडणीत वेग, माहितीचे बिट, समता (पॅरिटी) आणि थांबा-बिट हे चार घटक असतात. आठ माहिती-बिट, समता नाही व एक थांबा-बिट ही मांडणी विशेष रूढ होती. प्रत्येक अक्षराआधी एक आरंभ-बिट जात असल्याने एका अक्षरास दहा बिट लागत. त्यामुळे सेकंदाला १२०० बिट वेगाच्या मोडेमवरून १२० अक्षरे, तर ९६०० बिट वेगाच्या मोडेमवरून ९६० अक्षरे जात. १२,००० अक्षरांच्या मजकुरास पहिल्या मोडेमवर १०० सेकंद, तर दुसऱ्यावर साडेबारा सेकंद लागत. दूरध्वनीचे, विशेषतः एसटीडीचे, शुल्क वेळेनुसार आकारले जात असल्याने वेगाचा थेट संबंध खर्चाशी होता.

१९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून भारतीय शाळांत पोहोचलेल्या बीबीसी मायक्रो संगणकावर हा वेग ७५ ते १९,२०० बिटांपर्यंत निवडता येई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा डायल-अप जोडणीचा वेग ९.६ किलोबिट होता.

देवनागरी मजकूर

इस्की (आय.एस. १३१९४ : १९९१) या भारतीय संकेतप्रणालीत देवनागरी अक्षरांचे क्रमांक १२८ च्या पुढे असल्याने आठवा बिट अनिवार्य ठरतो. सात माहिती-बिट व सम समता या मांडणीतही एका अक्षरास दहाच बिट लागतात. वेग तोच राहतो, परंतु आठवा बिट समतेचा समजला जाऊन गळतो व प्रत्येक क्रमांकातून १२८ वजा होतात. उदाहरणार्थ, 'परभणी' या शब्दाचे संकेत २००, २०७, २०३, १९३ व २२० असे आहेत. ते अनुक्रमे ७२, ७९, ७५, ६५ व ९२ होऊन पडद्यावर एच, ओ, के, ए ही रोमन अक्षरे व एक तिरपी रेघ दिसते. इंग्रजी मजकूर मात्र अबाधित राहत असल्याने हा दोष चटकन ध्यानात येत नसे.

यावर उपाय म्हणून दर तीन बाइटांचे चार साध्या चिन्हांत रूपांतर करून मजकूर पाठवता येई. त्यामुळे अक्षरे सुरक्षित राहत. मात्र मजकुराचा आकार, आणि म्हणून दूरध्वनीचा वेळही, किमान एकतृतीयांशाने वाढे.